यूनिया : एका नांवाचा इतिहास

ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत, सुमारें ५७ सालीं, पौल प्रेषितानें करिंथ शहराहून रोम येथील ख्रिस्ती मंडळीस एक दीर्घ पत्र लिहिलें. नव्या करारांत तें 'रोमकरांस पत्र' या नांवानें समाविष्ट आहे. पाप, कृपा, श्रद्धा व नियमशास्त्र यांचा जो गहन ऊहापोह या पत्रांत आहे, त्यावर शतकानुशतकें पंडितांनीं भाष्यें लिहिलीं. परंतु सोळाव्या व अखेरच्या अध्यायापाशीं आलें म्हणजे बहुतेक वाचक पानें भराभर उलटतात. कारण तेथें नांवें आहेत आणि त्या नांवांना सांगितलेले सलाम आहेत. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र ही यादी बहुमोल आहे. ख्रिस्ती मंडळींत अगदीं आरंभीं कोण माणसें होतीं व त्यांच्याकडे कोणतें काम होतें, याची तत्कालीन नोंद येथें सांपडते.

या यादींत दहा स्त्रियांचा उल्लेख आहे. त्यांपैकीं आठजणींचीं नांवें दिलीं आहेत : फिबी, प्रिस्का, मरीया, यूनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस आणि यूलिया. उरलेल्या दोघींपैकीं एक रूफाची आई व दुसरी नेरियाची बहीण. मरीया, त्रुफैना, त्रुफोसा व पर्सिस यांनीं श्रम केल्याचें पौल सांगतो. आणि त्यासाठीं जें ग्रीक क्रियापद तो वापरतो, तेंच इतर पत्रांत तो स्वतःच्या धर्मकार्यासाठींहि वापरतो. तेव्हां हे श्रम म्हणजे केवळ अतिथींचें आदरातिथ्य नव्हे, हें उघड आहे.

यादीच्या अग्रभागीं फिबी आहे. ही करिंथजवळच्या किंख्रिया बंदरांतील मंडळीची 'डायकोनॉस' होती. हा शब्द पौलानें अन्यत्र स्वतःला व आपल्या सहकाऱ्यांनाहि लावला आहे. फिबीनें अनेकांना, खुद्द पौलालाहि, आश्रय दिला होता. आणि हें पत्र रोमास तिनेंच नेलें असावें, असें बहुतेक अभ्यासक मानतात. तथापि १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत पुरुषांच्या बाबतींत ज्या शब्दाचा अर्थ बहुधा 'धर्मसेवक' असा पदवाचक झाला, त्याच शब्दाचा फिबीच्या बाबतींत साधी 'सेविका' एवढाच अर्थ उरला.

तिच्यामागून प्रिस्का येते. तिलाच प्रिस्किल्ला असेंहि म्हणत. तिचा पति अक्विल्ला. दोघांचा धंदा तंबू शिवण्याचा. क्लौद्य बादशहानें यहुद्यांना रोमांतून घालवून दिलें तेव्हां तीं दोघें करिंथास आलीं. पुढें इफिस येथें अपुल्लो नांवाच्या विद्वान् वक्त्याला त्यांनीं धर्ममार्ग अधिक नीट समजावून दिला. नव्या करारांत या दांपत्याचा उल्लेख सहा वेळां येतो व जुन्या प्रतींत चार वेळां पत्नीचें नांव आधीं आहे. उत्तरकालीन अनेक हस्तलिखितांत मात्र अपुल्लोच्या शिक्षणाच्या प्रसंगीं हा क्रम बदलून अक्विल्लाचें नांव पुढें आलेलें दिसतें. स्त्रीनें पुरुषाला शिकवावें, हें त्या लेखकांना बहुधा रुचलें नसावें.

फिबीचें पद लहान झालें, प्रिस्काची जागा मागें गेली. यूनियेच्या वांट्याला आलें तें याहून विलक्षण होतें. अंद्रोनिक आणि यूनिया या दोघांविषयीं पौल चार गोष्टी सांगतो. तीं त्याच्या जातीचीं, म्हणजे यहुदी, होतीं. त्याच्याबरोबर बंदिवासांत होतीं. प्रेषितांमध्यें नामांकित होतीं. आणि त्याच्याहि आधीं ख्रिस्ती झालीं होतीं. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर अगदीं थोड्या वर्षांत श्रद्धा स्वीकारून तिच्यापायीं तुरुंग भोगलेली ही स्त्री होय.

सुमारें हजार वर्षें याविषयीं फारसा वाद झाला नाहीं. जॉन क्रिसोस्तोम हा चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. त्याची मातृभाषा ग्रीक. या पत्रावरील प्रवचनांत त्यानें यूनियेला स्त्री मानूनच, जिला प्रेषितांत गणलें गेलें तिची योग्यता केवढी असेल, असें मुक्तकंठानें म्हटलें आहे. विशेष हें कीं, स्त्रियांना पुरोहितपद द्यावें या मताचा तो मुळींच नव्हता. म्हणूनच त्याच्या साक्षीचें मोल अधिक आहे.

मग ही स्त्री पुरुष कशी झाली? तेराव्या शतकाच्या सुमारास रोमच्या एजिडियस या पंडितानें या दोघांनाहि पुरुषांत गणलें. पुढें अशी उपपत्ति निघाली कीं, हें नांव 'यूनियास' या पुरुषनामाचें रूप असावें व तें 'यूनियानस' या नांवाचा संक्षेप असावा. या उपपत्तीला वाव मिळाला तो जुन्या ग्रीक लेखनपद्धतीमुळें. प्राचीन प्रती केवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असून त्यांत स्वरचिन्हें नसत. आणि वाक्यांत या नांवाचें जें कर्मरूप आलें आहे, तें स्त्रीनाम व पुरुषनाम या दोहोंचेंहि असूं शकतें. भेद फक्त वरच्या चिन्हाचा. मोडी लिपींतील दप्तरें वाचणारास ही अडचण परिचित आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. तो वाचणारानें संदर्भावरून ठरवावयाचा असतो. तेथें वाचणाराचा पूर्वग्रह हळूच मजकुरांत शिरूं शकतो.

संदर्भ व पुरावा पाहिला तर निर्णय कठीण नव्हता. यूनिया हें स्त्रीनाम रोममधील प्राचीन लेखांत अडीचशेंहून अधिक वेळां आढळतें. यूनियास हें पुरुषनाम मात्र त्या काळच्या कोणत्याहि लेखांत निश्चितपणें मिळालेलें नाहीं. पुढच्या काळांत नकलकारांनीं स्वरचिन्हें घालण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांनींहि सामान्यतः स्त्रीनामाचेंच चिन्ह घातलें. असें असूनहि १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरांत 'यूनियास' आला. १९२७ सालीं नेस्ले यांच्या ग्रीक संहितेंतहि पुरुषवाचक चिन्ह छापलें गेलें. ही संहिता जगभर विद्यार्थी व भाषांतरकार वापरीत. मुळांत पौल प्रेषितांविषयीं बोलत आहे, आणि प्रेषित म्हटला कीं तो पुरुषच असणार, या गृहीतावर हा सारा डोलारा उभा होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा पुरावा पुन्हां तपासला गेला. १९८९ च्या नव्या इंग्रजी भाषांतरांत यूनिया परत आली, आणि १९९८ च्या मुद्रणांत त्या ग्रीक संहितेनेंहि आपली चूक दुरुस्त केली. वाद मात्र संपला नाहीं. तीं दोघें स्वतः प्रेषितांपैकीं होतीं कीं प्रेषितांना सुपरिचित होतीं, असा नवा प्रश्न कांहीं विद्वानांनीं उपस्थित केला. मूळ ग्रीक ज्यांची बोली होती त्या क्रिसोस्तोमासारख्यांनीं पहिलाच अर्थ घेतला होता, हें येथें विसरतां कामा नये.

एवढ्याशा चिन्हासाठीं इतका खल कां, असें कोणी म्हणेल. परंतु स्त्रियांनीं मंडळींत कोणतें पद भूषवावें, हा प्रश्न आजहि जिवंत आहे. चर्च ऑफ इंग्लंडनें १९९४ सालीं स्त्रियांना पुरोहितपद दिलें. रोमन कॅथॉलिक मंडळींत तें आजहि नाहीं. एका यूनियेवरून या प्रश्नाचा निकाल लागणार नाहीं. तथापि अशी स्त्री आरंभीं कोणी नव्हतीच, असें तरी कोणाला म्हणतां येणार नाहीं. सुमारें ११२ सालीं रोमन अधिकारी प्लिनी यानें बादशहा त्राजन यास कळविलें कीं, ख्रिस्ती लोक ज्यांना आपल्या 'सेविका' म्हणतात अशा दोन दासींचा छळ करून आपण माहिती काढली. त्या दोघींचीं नांवें त्यानें लिहिलीं नाहींत. यूनियेचें नांव पौलानें लिहिलें. वाचणारांनीं तें बदललें.

मूळ भाषा स्वतः वाचण्याचें महत्त्व महाराष्ट्रांत एका स्त्रीनें ओळखलें होतें. पंडिता रमाबाई यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठींत आणण्याचें कार्य हातीं घेतलें आणि १९२२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांत आपलीं अखेरचीं वर्षें वेंचलीं. केडगांवच्या मुक्तिमिशनमधील स्त्रियांच्या हातून तेथल्याच छापखान्यांत तें ग्रंथकार्य पुढें पूर्ण झालें. संपूर्ण बायबलाचें भाषांतर एका स्त्रीनें करावें, ही गोष्ट जगाच्या इतिहासांत विरळा आहे. फिबीनें जें पत्र रोमास नेलें असें मानतात, तें अठराशें वर्षांहून अधिक काळानें अशा रीतीनें एका स्त्रीच्या लेखणींतून आणि अनेक स्त्रियांच्या हातांतून मराठी घरांत आलें. त्या पत्राचा सोळावा अध्याय न वगळतां वाचला, तर त्या दहाजणींची भेट आजहि घडूं शकते.