गुंडाळी तुटली, गणती चुकली

मैत्रिणींनो, पंपाची मोटर जळाली की आपण ती वाइंडिंगला देतो. तसल्याच तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांवर १८९० साली अमेरिकेत माणसं मोजली गेली. यंत्र होतं हर्मन हॉलरिथ यांचं. ते चालवणाऱ्यांत बायकाही होत्या. कार्डाच्या भोकातून सुई पाऱ्यात टेकली की वीज वाहायची, गुंडाळीचं लोहचुंबक व्हायचं आणि काटा एक घर सरकायचा. गुंडाळी तुटली तर काटा जागचा हलेना.

अशी जुनी गुंडाळी वीज बंद करून मीटरने तपासतात. आधी टोकं बघायची. तार बरेचदा तिथेच तुटते, डाख दिला की भागतं. आत तुटली, तर तेवढ्याच जाडीची तार, तेवढेच वेढे.

गणतीतून सुटलेली बाई कागदावर नसतेच. म्हणून तारेचं एवढं मोल!