धरणे
धरणे : आपले येणे वसूल करण्यासाठी अथवा एखादी मागणी मान्य करवून घेण्यासाठी प्रतिपक्षाच्या दारात ठाण मांडून बसण्याची प्रथा. पकडून वा अडवून ठेवणे या अर्थाच्या ‘धृ’ धातूपासून ही संज्ञा आली. सरकारी कचेरीसमोरील बैठा निषेध हा तिचा अर्थ आज रूढ असला, तरी सु. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत धरणे हे प्रायः माणसाच्या राहत्या घराच्या उंबऱ्याशीच धरले जाई. कायद्याने ते तेथून कसे हलविले आणि तरीही ते पुनःपुन्हा तेथेच का परतते, हा या प्रथेच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ऋणवसुलीचे पाच मार्ग सांगितले आहेत. त्यांतील ‘आचरित’ या मार्गाचे स्पष्टीकरण बृहस्पतिस्मृतीत आढळते. ऋणकोची बायकामुले व जनावरे अडवून ठेवणे आणि त्याच्या दारी बसणे म्हणजे ‘द्वारोपवेशन’ करणे, असा त्याचा आशय आहे. दारात बसून अन्नत्याग केला, म्हणजे त्यास ‘प्रायोपवेशना’चे रूप येई. काश्मीरमध्ये अशा उपोषणांची दखल घेण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेले असत, असे कल्हणाच्या राजतरंगिणीवरून दिसते. प्राचीन आयर्लंडच्या ब्रेहन कायद्यातही धनकोने ऋणकोच्या दारी उपोषण करण्याची तरतूद होती. हेन्री मेन या विधिज्ञाने १८७५ मध्ये या दोन प्रथांतील साम्य दाखवून दिले. न्यायालये दुबळी असतात तेथे लोकलज्जा आणि पापभय हीच वसुलीची साधने होतात, हे त्यावरून लक्षात येते.

मराठी मुलखात या साधनास ‘तगादा’ हे नाव होते (मूळ फार्सी-अरबी शब्द ‘तकाजा’). पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशासंबंधी मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात त्याचे तपशीलवार वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा वा कनिष्ठ असेल, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हातही बसवीत असे. ऋणको वरचढ असेल, तर धनको विनवण्या करी, त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, दारात आरडाओरडा करी वा उपाशी बसे. आणि तो उपाशी असेतो घरातील माणसांनीही जेवू नये, असा संकेत होता. सामान्य रयतेपुरतीच ही रीत मर्यादित नव्हती. थकलेल्या पगारासाठी फौजा आपल्या सरदारांनाच धरणे धरीत. शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने असे प्रसंग आपल्या पत्रांत नोंदविले आहेत. त्रागा हा धरण्याचाच अधिक उग्र प्रकार. त्यात मनुष्य स्वतःला अथवा आपल्या मुलाबाळांना इजा करून त्याचे पाप प्रतिपक्षाच्या माथी मारीत असे. हा शब्द पुढे मराठीत नुसत्या आदळआपटीपुरता उरला, ही भाषेने केलेली सौम्य शिक्षाच म्हणावी लागेल.

नांदेड व लातूर हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. तेथे धरण्याने वेगळे वळण घेतले. अरब व रोहिले शिपाई पदरी ठेवण्याची चाल तेथे होती. नांदेडनजीकच्या हदगाव भागातील नोवाह येथे नौसाजी नाईकाच्या गढीस १८१९ मध्ये वेढा पडला, तेव्हा तेथे लढणारी शिबंदी मुख्यतः अरबांचीच होती. असे शिपाई सावकारीही करीत, व इतरांचे येणे वसूल करण्यासाठीही त्यांचा उपयोग केला जाई. ऋणकोच्या घरावर पहारा बसविणे, त्याला कोंडून ठेवणे हे प्रकार राजरोस चालत. येथे पापभयाचा भाग जाऊन निव्वळ शस्त्रबळ उरले होते. पूर्वी धरणे हे दुबळ्याचे साधन होते. आता ते बलवानाच्या हाती गेले. पहिल्या सालारजंगाने आपल्या दिवाणपदाच्या काळात (१८५३–८३) न्यायव्यवस्थेची पुनर्रचना केली, अरबांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था केली आणि या खाजगी वसुलीस बराच आळा घातला.

ब्रिटिशांनी या प्रथेविरुद्ध पहिले पाऊल बनारसमध्ये टाकले. तेथील रेसिडेंट जोनाथन डंकन (हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला) याच्या प्रयत्नांनंतर १७९५ च्या विनियमाने ब्राह्मणांच्या धरण्यास बंदी झाली. १८२० मध्ये बंदीची व्याप्ती वाढविण्यात आली. भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम ५०८ मध्ये दैवी कोपाचे भय घालून एखाद्याकडून कृत्य करवून घेणे हा गुन्हा ठरला व त्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगण्यात आल्या. या कलमाचे पहिले उदाहरणच दुसऱ्याच्या दारी धरणे धरणाऱ्याचे आहे. दुसरे उदाहरण त्राग्याचे आहे. मराठवाड्यात ही संहिता १९५१ मध्ये, ‘ब’ वर्ग राज्यांना केंद्रीय कायदे लागू झाल्यावर, आली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३५४ म्हणून कायम आहे. तथापि तिचा रोख दैवी कोपाच्या भयावर आहे, दारात बसण्यावर नाही. आजचा निदर्शक शाप देत नाही, घोषणा देतो. त्याला हे कलम सहसा लागू पडत नाही.

घरासमोरील जमावास अधिक नेमकेपणाने गाठणारी तरतूद इंग्लंडमधून आली. तेथील १८७५ च्या कायद्याने दुसऱ्यास धाकात ठेवण्यासाठी त्याच्या घरावर पाळत ठेवणे वा त्यास वेढणे हा गुन्हा ठरविला. त्याच धर्तीचे कलम ७ हिंदुस्थानात १९३२ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात घालण्यात आले. दुसऱ्यास त्याच्या हक्काचे एखादे कृत्य करण्यापासून परावृत्त करण्याच्या हेतूने तो वा त्याचे कुटुंबीय राहतात त्या जागेजवळ घुटमळणे त्यात दंडनीय मानले होते. सविनय कायदेभंगातील निरोधन मोडणे हा त्याचा उघड हेतू होता. काँग्रेसने अर्थातच त्यास विरोध केला. पण १९३८ मध्ये मद्रासेत हिंदीविरोधी निदर्शक मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांच्या निवासस्थानापुढे उभे राहू लागले, तेव्हा काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने हेच कलम वापरले. दुसऱ्याच्या दारी आपण उभे असताना कायदा जसा दिसतो, तसा तो आपल्या दारी दुसरा उभा असताना दिसत नाही. महात्मा गांधींची भूमिका मात्र आधीपासून स्पष्ट होती. वाट अडवून बसण्याच्या धरण्यास त्यांनी १९२१ मध्येच रानटी व भ्याडपणाचा प्रकार म्हटले होते. सत्याग्रहाशी त्याची गल्लत होऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता.

महाराष्ट्रात दोन कायद्यांनी घराचा उंबरठा स्पष्टपणे वेगळा काढला आहे. मुंबई सावकारी अधिनियम, १९४६ च्या कलम ३३ नुसार कर्जवसुलीसाठी ऋणकोच्या घराजवळ घुटमळणे वा त्याचा पाठलाग करणे हा छळ समजला गेला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही ऋणकोच्या अशा छळास शिक्षा आहे. एल्फिन्स्टनने वर्णिलेल्या तगाद्याचा शेवट कायद्याच्या पुस्तकात असा झाला. व्यवहारात तो झाला असे म्हणवत नाही. मालमत्ता कराच्या थकबाकीदारांच्या दारात बँड वाजविण्याचा मार्ग पुणे, ठाणे येथील महानगरपालिकांनी अवलंबिला होता, आणि तो तगाद्याहून फार निराळा नव्हे. दुसरा कायदा कामगारांसंबंधीचा. महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ च्या तिसऱ्या अनुसूचीत मालकांच्या वा व्यवस्थापकवर्गाच्या निवासस्थानी निदर्शने करणे ही कामगार संघांची अनुचित प्रथा ठरविली आहे. केंद्रीय औद्योगिक विवाद अधिनियमात अशीच तरतूद १९८२ च्या दुरुस्तीने आली.

लोकप्रतिनिधीच्या घरासंबंधी अशी स्वतंत्र तरतूद नाही, आणि आजची बहुतेक प्रकरणे तेथेच उद्भवतात. नांदेड, लातूरसारख्या जिल्ह्यांत आमदार वा मंत्र्याचा बंगला केवळ घर नसतो. सकाळी अर्ज घेऊन माणसे तेथेच जमतात. ज्या दारी विनंती चालते, त्या दारी निषेध का चालू नये, असा प्रश्न आंदोलक विचारतात, व तो अगदीच निराधार नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. तथापि अनुच्छेद १९(३) अन्वये त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. प्रत्यक्षात निर्णय पोलिसांवर सोपविला जातो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली काढलेले मनाई आदेश पंधरा दिवसांपर्यंत चालतात, आणि आंदोलनाच्या दिवसांत ते एकामागून एक निघत राहतात.

२०२२ च्या एप्रिलमध्ये या प्रश्नाच्या दोन बाजू मुंबईत लागोपाठ पुढे आल्या. राज्य परिवहन महामंडळाच्या संपातील कर्मचाऱ्यांचा जमाव ८ एप्रिल रोजी शरद पवार यांच्या ‘सिल्व्हर ओक’ या निवासस्थानावर चालून गेला. दगड व चपला फेकण्यात आल्या. शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना अटक झाली. कर्मचाऱ्यांची बाजू मांडणारे, मूळचे नांदेडचे वकील गुणरत्न सदावर्ते यांनाही चिथावणीच्या आरोपावरून अटक होऊन पुढे जामीन मिळाला. पवार हे महामंडळाचे मालक नव्हते की व्यवस्थापक; त्यामुळे १९७१ च्या अधिनियमातील शब्द येथे तोकडे पडतात व प्रश्न दंगल आणि कटाच्या सर्वसाधारण कलमांकडे जातो. त्याच महिन्यात खासदार नवनीत राणा व आमदार रवी राणा यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या ‘मातोश्री’ निवासस्थानाबाहेर हनुमान चालिसा म्हणण्याचे जाहीर केले. ते तेथे पोहोचलेही नाहीत, तरी २३ एप्रिल रोजी त्यांना अटक होऊन राजद्रोहाचे कलम लावण्यात आले. दुसऱ्याच्या निवासस्थानी धार्मिक पठण करण्याची घोषणा म्हणजे त्याच्या व्यक्तिस्वातंत्र्यावरील आक्रमण होय, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने २५ एप्रिल रोजी व्यक्त केले. सत्र न्यायालयाने ४ मे रोजी जामीन देताना मात्र राजद्रोहाचा आरोप प्रथमदर्शनी टिकण्याजोगा नाही, असे म्हटले. घराचे रक्षण करणे आणि घरासमोर उभे राहू पाहणाऱ्यास राज्याचा शत्रू ठरविणे, यांतील अंतर या दोन आदेशांत दिसते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये फ्रिस्बी विरुद्ध शुल्ट्झ या खटल्यात विस्कॉन्सिनमधील ब्रुकफील्ड गावचा नियम वैध ठरविला. गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरच्या घरापुढे निदर्शने होत असत. वस्तीतून मोर्चा नेता येईल, घरोघर पत्रके वाटता येतील. पण एकाच घरास लक्ष्य करून त्यापुढे ठाण मांडता येणार नाही, असा त्या निर्णयाचा अर्थ. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवरील सरसकट बंदी उठविताना रहिवाशांच्या शांततेचा हक्कही निदर्शकांच्या हक्काबरोबर तोलला. मात्र तेथे प्रश्न वस्तीचा होता, एका व्यक्तीच्या दाराचा नव्हता.