दुर्बिणीतून ऑपरेशन आणि दीड मिनिटाची सामसूम

तर झालं असं, की आईच्या पोटात दुखायला लागलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि सर्जन म्हणाले, "दुर्बिणीतून काढू, दोन दिवसांत घरी." आई निश्चिंत, बाबाही निश्चिंत. मी पडलो आयटीवाला, त्यामुळे मी विचारलं, "डॉक्टर, कॅमेरा एचडी आहे की फोर-के?" डॉक्टर हसले. "चांगला आहे, काळजी करू नका." मला हे उत्तर चक्क टोलवाटोलवीचं वाटलं.

ऑपरेशन छान झालं. मागितला म्हणून डिस्चार्जच्या वेळी पेन ड्राइव्हवर व्हिडिओही मिळाला. तो बघितल्यापासून गेले दोन वीकेंड मी याच विषयात बुडालोय. आज ते सगळं तुमच्या माथी मारतो.

मंडळी, पोटात डोकावण्यातली पहिली अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच, ती होती उजेडाची. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६ च्या सुमारास शरीराच्या आत बघायचं एक उपकरण बनवलं, त्यात दिवा म्हणून चक्क मेणबत्ती होती. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउसने माणसाच्या पोटात नळी घालून बघितल्याचं प्रसिद्ध केलं, तोपर्यंत नळीच्या टोकाला बारीकसा विजेचा दिवा आला होता. पण तो तापायचा, उजेड पिवळा पडायचा, आणि लांब नळीतल्या छोट्या छोट्या भिंगांमधून येता येता अर्धाअधिक प्रकाश वाटेतच गळायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सिग्नल कमी आणि लॉस भरपूर.

यातून बाहेर काढलं हॅरॉल्ड हॉपकिन्स नावाच्या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने, आणि तेही दोनदा. १९५४ मध्ये त्याने आपल्या मोगा गावच्या नरिंदरसिंग कपानींबरोबर 'नेचर'मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे दाखवलं. अशाच जुडग्यांमुळे पुढे दिवा पोटाबाहेर ठेवून नुसता उजेड आत पाठवता आला. 'कोल्ड लाइट' म्हणतात तो हाच. दुसरी युक्ती तर मला फारच आवडली. आधी हवेने भरलेल्या नळीत काचेची छोटी भिंगं असायची. हॉपकिन्सने हिशोब उलटा केला. त्याने काचेच्या लांब दांड्या घेतल्या आणि त्यांच्या मधे हवेच्या छोट्या फटी ठेवल्या, म्हणजे जणू हवेचीच भिंगं! त्याच जाडीच्या नळीतून कितीतरी पट जास्त प्रकाश यायला लागला. टुटलिंगनच्या कार्ल श्टोर्झने ही कल्पना उचलली आणि १९६७ पासून तशा दुर्बिणी बाजारात आल्या. आईच्या व्हिडिओच्या पहिल्या फ्रेममध्ये जे लख्ख दिसतं, त्याचं अर्धं श्रेय या दांड्यांना.

आता कॅमेरा. सर्जन डोळा नळीला लावून वाकून बघायचा, तेव्हा बाकी सगळे आंधळे. मदतनीस काय धरणार नि कुठे धरणार? जॉर्ज बर्सी यांनी मेलबर्नमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला छोटा कॅमेरा दुर्बिणीला जोडून बघितला होता, पण चित्र कृष्णधवल. खरा बदल झाला तो सीसीडी चिपमुळे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांना ती सुचली. १९८० च्या दशकात ती इतकी लहान आणि स्वस्त झाली की दुर्बिणीच्या मागे बसवता आली आणि चित्र मॉनिटरवर गेलं. सर्जन सरळ उभा राहिला आणि पूर्ण टीमला एकच चित्र दिसायला लागलं.

गंमत म्हणजे २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अर्धं ऑप्टिकल फायबरसाठी चार्ल्स काओंना आणि अर्धं सीसीडीसाठी बॉइल-स्मिथना मिळालं. म्हणजे सर्जनच्या दुर्बिणीतले दोन मुख्य भाग एकाच समारंभात! कपानींचं नाव मात्र त्यात नव्हतं. असो.

माणसं काही चिपइतक्या पटकन बदलत नाहीत. १९८० मध्ये कीलच्या कुर्ट झेमने अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं, तर त्याच्यावर जर्मनीत प्रचंड टीका झाली. १९८५ मध्ये ब्योब्लिंगेनच्या एरिक म्युहेने पित्ताशय काढलं, आणि पुढच्या वर्षी सर्जन लोकांच्या परिषदेत त्याची टर उडवली गेली. पुढे १९८७-८८ मध्ये फ्रान्समध्ये मूरे आणि द्युब्वा यांनी तेच केलं आणि बघता बघता जगभर लाट आली. आपल्याकडे मुंबईत जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासत होते. १९९० मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीतलं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणता कॅमेरा चांगला?

पहिलं रिझोल्यूशन. जुन्या पाल पद्धतीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत पिक्सेल. फुल एचडीत साधारण २१ लाख, फोर-केमध्ये ८३ लाख.

दुसरा रंग. एका चिपच्या कॅमेऱ्यात बहुधा बायर फिल्टर असतो. त्यात निम्मे पिक्सेल हिरवा मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. बाकीचं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. पोटात तर सगळं लाल-पिवळंच! तीन चिपच्या कॅमेऱ्यात प्रिझम प्रकाश तीन वाटांनी पाठवतो, मग प्रत्येक पिक्सेलला प्रत्येक रंग खरा मोजलेला मिळतो.

तिसरी खोली. सपाट पडद्यावर पुढे काय, मागे काय हे सर्जन सावल्या आणि हालचालींवरून ओळखतो. डंडीच्या टीमने १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या चाचणीत थ्रीडी आणि साध्या चित्रात पित्ताशयाच्या ऑपरेशनला फरक पडला नाही. पुढे पडदे आणि चष्मे सुधारल्यावर अनेक चाचण्यांत फायदा दिसला, विशेषतः आतून टाके घालताना.

चौथं म्हणजे डोळ्याला न दिसणारं दाखवणं. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देतात, यकृत तो पित्तात सोडतं, आणि इन्फ्रारेडजवळच्या प्रकाशात पित्ताच्या नळ्या चमकायला लागतात. अट एकच, त्यांच्यावर चरबीचा थर जाड नको, कारण हा प्रकाश काही मिलिमीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही.

मी इथपर्यंत छान एक्सेल शीट बनवलं होतं. मग एक पेपर वाचला आणि शीट बंद केलं.

या ऑपरेशनमधली सगळ्यात मोठी भीती म्हणजे पित्ताशयाची छोटी नळी समजून यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य नळी कापली जाणं. पेशंटचं आयुष्य उलटंपालटं होतं. लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ दुखापतींचा अभ्यास छापला. त्यातल्या ९७ टक्क्यांचं मूळ कारण होतं दृष्टिभ्रम. हात चुकल्याची उदाहरणं फक्त ३ टक्के. सर्जनला नळी दिसत होती. ती दुसरीच आहे असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि बहुतेक वेळा चूक तेव्हा लक्षातही आली नाही. तीच चुकीची नळी फोर-केमध्ये आणखी स्पष्ट दिसली असती, एवढंच. आपणही तोच लॉग दहा वेळा वाचतो आणि बग दुसऱ्याच मोड्यूलमध्ये आहे अशी खात्री बाळगतो. फरक इतकाच की आपल्याला रोलबॅक असतो.

यावरचा उपाय कुठल्या कंपनीने विकलेला नाही. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी नियम मांडला, की कापण्याआधी त्या त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी जाताना दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. हे दिसलं नाही तर कापायचं नाही. बास.

आणि मग मला आईच्या व्हिडिओमधला एक तुकडा आठवला. मधे एका जागी साधारण दीड मिनिट काहीच घडत नाही. पहिल्यांदा मला वाटलं प्लेयर हँग झाला. पुन्हा लावून बघितलं. सर्जन पित्ताशय हळूच एका बाजूला वळवतात, थांबतात. मग दुसऱ्या बाजूला वळवतात, पुन्हा थांबतात. मागे यकृत स्वच्छ दिसतंय आणि पुढे दोनच धागे. त्यानंतर पहिली क्लिप लागते.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी तिथे दिलं होतं. चांगला कॅमेरा हवाच, नाहीतर ते दोन धागे दिसणारच नाहीत. पण दिसल्यावरही थांबणारा माणूस हवा.

रविवारी आईला फोनवर विचारलं, बघायचाय का व्हिडिओ? "मेल्या, जेवण जाणार नाही मला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण काय रे, नीट बघून कापलं ना त्यांनी?"

"हो आई," मी म्हटलं, "दीड मिनिट बघितलं."