तीन मिनिटांचं गाणं

मागच्या रविवारी नातू पुण्याहून सुप्याला आला होता. त्याचा आणि त्याच्या चार मित्रांचा बँड आहे. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे हं, गिटार आणि ड्रमवाला! स्वतःच गाणी लिहितात, चाली लावतात. एका कंपनीने त्यांचं गाणं घ्यायची तयारी दाखवली, पण अटी घातल्या. सात मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत बसवायचं, मधलं नुसत्या गिटारचं सगळं काढायचं, आणि गाण्याचे सगळे हक्क कंपनीचे. मुलांनी नाही म्हणून सांगितलं.

सूनबाई वैतागली होती. "आई, तुम्ही तरी सांगा याला. आलेली लक्ष्मी कुणी अशी परत पाठवतं का?" मी काही बोलले नाही. मला बोलायचा अधिकार आहे की नाही, हाच प्रश्न होता. तो का, ते पुढे सांगते. आधी जरा मागे जाऊ या. जन्मभर इतिहास शिकवलाय, सवय जात नाही.

ग्रामोफोन कंपनीचे गाइसबर्ग साहेब १९०२ साली कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. गौहरजान हुशार बाई. तेवढ्यात राग मांडायची आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही सांगायची. पुढे आपल्याकडे बालगंधर्वांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या घरोघर गेल्या. रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारं पद तीन मिनिटांचं झालं, आणि लोकांना तेच खरं वाटायला लागलं.

अशा काळात कोल्हापूरला उस्ताद अल्लादिया खाँसाहेब होते. १८९५ पासून शाहू महाराजांच्या दरबारी. तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज बसला होता. त्या बिघडलेल्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, तीच जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून आज ओळखली जाते. खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, नव्वदीच्या घरात गेले. म्हणजे तबकड्यांचा जमाना त्यांनी चाळीस वर्षं पाहिला. पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही! भास्करबुवा बखल्यांचीही नाही. ज्यांनी बालगंधर्वांना शिकवलं, त्यांचा आवाज कसा होता हे आपल्याला कधीच कळणार नाही.

मला वर्गात मुलं विचारायची, बाई, मग त्यांचं चुकलंच ना? मी म्हणायचे, थांबा, घाई नको. जो राग उलगडायला तासभर लागतो तो तीन मिनिटांत कोंबायचा, ही मागणी गाणाऱ्याची नव्हतीच, ती यंत्राची होती आणि यंत्राच्या मालकाची होती. पण हेही खरं की खाँसाहेबांच्या पाठीशी दरबार होता. शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर ते मुंबईला आले, तिथे धनिक शिष्यांचा आधार मिळाला. नकार द्यायलासुद्धा मागे कुणीतरी उभं असावं लागतं. माझ्या नातवाच्या मागे सध्या त्याचे आईवडील आहेत, म्हणून तर सूनबाई चिडलीय!

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा. १९२१ पासून गुरूच्या निधनापर्यंत पंचवीस वर्षं त्यांच्याकडे शिकल्या. बाईंचा दरारा मोठा. रेडिओला नकार. मैफलीत कुणी चोरून ध्वनिमुद्रण तर करत नाही ना, यावर नजर असायची म्हणतात. साठीच्या दशकात आवाज पूर्वीसारखा राहिला नाही असं वाटल्याबरोबर त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. पैशासाठी आणखी चार वर्षं ओढलं नाही.

पण गंमत पाहा. याच केसरबाईंनी थोड्या तबकड्या दिल्या होत्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यातली एक भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. जगभरातल्या सत्तावीस संगीतरचनांत भारताची ती एकच. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. जी बाई रेडिओवर नको म्हणाली, तिचा आवाज २०१२ साली सूर्याच्या प्रभावाचा प्रदेश ओलांडून पलीकडे गेला. आणि गुरूंचा आवाज मात्र कोल्हापुरातही ऐकायला मिळत नाही. आता यात बरोबर कोण? मला अजून ठरवता आलेलं नाही.

याच घराण्यात मोगूबाई कुर्डीकर. नवरा लवकर गेलेला, तीन लेकरं, गाण्यावर घर चालवलं. त्यांची लेक किशोरी १९६४ साली शांतारामबापूंच्या 'गीत गाया पत्थरोंने' सिनेमासाठी गायली, तर माईंनी बजावलं की सिनेमात गाणार असशील तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही. पोटाची चिंता ज्या बाईने पाहिली ती हे म्हणते! पुढे लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, आणि किशोरीताईंचा भूप घराघरांत पोचला. यंत्र थोडं गाण्याकडे सरकलं, तेव्हा जमलं.

असो. आता माझी गोष्ट. घरातल्यांनाही ती पुरती माहीत नाही.

माझे सासरे, मामंजी, आमच्या भजनी मंडळाचे म्होरके. एकादशीला देवळात उभे राहिले की एक अभंग अर्धा अर्धा तास चालायचा. त्यांच्या गुरूकडून आलेली एक चाल होती, आमच्या भागात दुसरीकडे कुठे मी ती ऐकली नाही. १९८६ साली एका कॅसेट कंपनीचा माणूस आला. तेव्हा कॅसेटचा धंदा जोरात होता, प्रत्येक जत्रेत दुकान. त्याने इंग्रजी कागद पुढे केला. मामंजी म्हणाले, "सूनबाई, तुम्ही बी. ए. झालाय, वाचा जरा." मराठी माध्यमातली मी, डिक्शनरी घेऊन बसले. सगळे हक्क कायमचे कंपनीकडे, एवढं मला नक्की कळलं होतं. पण मंडळाची माणसं पुण्याला जायचं म्हणून टोप्या धुऊन तयार, मामंजींचा चेहरा उजळलेला. मी म्हटलं, "काही विशेष नाही, करा सही."

सगळ्यांत मिळून पंधराशे रुपये मिळाले. स्टुडिओत पखवाजाबरोबर कीबोर्ड घुसवला, अर्ध्या तासाचा अभंग सहा मिनिटांचा केला, वीणेकऱ्याला बाहेर बसवलं. पुढच्या वर्षी मोरगावला एका टपरीवर तीच चाल वाजत होती, आवाज दुसऱ्याचाच आणि कॅसेटवर चालीला नाव तिसऱ्याचं.

मामंजी रागावले नाहीत. पण देवळात ती चाल म्हणायचं त्यांनी बंद केलं. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "ती विकली." १९९४ साली ते गेले. कागदात काय होतं ते मला कळलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या आठ वर्षांत एकदाही नाही.

हे सगळं रविवारी रात्री अंगणात मी नातवाला सांगितलं. सूनबाईही ऐकत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिने विचारलं, त्यांचं गाणं ते स्वतःच यूट्यूबवर टाकतील तर खर्च किती येईल. पोरगा आकडे सांगू लागला, त्यात मी पडले नाही.

झोपायच्या आधी तो माझ्याजवळ आला. "आजी, पणजोबांची ती चाल येते तुला? म्हण ना, मी रेकॉर्ड करतो." फोन पुढे केलेला. मी म्हटलं, तो आधी आत ठेवून ये. तो ठेवून आला. मग म्हणून दाखवली. अंतऱ्यात एक जागा मला आठवेना, ती तशीच सोडली.