चऱ्होलीचा अर्धा र आणि न दिसणारे अक्षर

पिंपरी-चिंचवडच्या एका टोकाला, आळंदीजवळ इंद्रायणीकाठी चऱ्होली बुद्रुक हे गाव आहे. १९९७ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले. एका प्रशिक्षण वर्गासाठी संगणकावर भरून आलेल्या अर्जांची गाववार यादी लावताना या गावाने आम्हाला कोड्यात टाकले. यादीत चऱ्होली दोनदा आली. दोन्ही नावे डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसत होती, पण संगणक ती दोन वेगळी गावे मानत होता. तिसऱ्या ठिकाणी तर रफार डोक्यावर घेतलेली 'चर्होली' होती. अर्ज भरणाऱ्यांपैकी कोणीही चुकले नव्हते. मग चूक कोठे झाली? तिचा माग काढण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठीत जोडाक्षरातील अर्धा र दोन प्रकारे लिहितात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास' बोलावले तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यास' बोलावले तर स्वयंपाकी येईल. पहिल्या शब्दात आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला मात्र लागतो. हाताने लिहिताना त्याची अडचण नसते. छापखान्यातही खिळा उपलब्ध असला की काम भागत असे. संगणकाला मात्र आकार साठवायचा नसतो. तो प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो आणि क्रमांकांची माळ साठवतो.

भारतीय लिप्यांसाठी असे क्रमांक ठरवण्याचे काम १९८०च्या दशकात झाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. सी-डॅकची स्थापना १९८८ सालची. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' ही क्रमांकपद्धती मानक म्हणून स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे होते. जोडाक्षरांना वेगळे क्रमांक द्यायचे नाहीत; व्यंजन, मग पायमोड, मग पुढचे व्यंजन असा उच्चाराचा क्रम साठवायचा आणि आकार घडवण्याचे काम संगणकावर सोपवायचे.

पण 'र, पायमोड, य' या क्रमातून 'र्य' घडवायचा की 'ऱ्य'? इस्कीने यावर सुरेख तोड काढली. दक्षिणेकडील भाषांचा कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून 'ऱ' हे अक्षर या पद्धतीत होतेच. त्याला पायमोड जोडला की मराठीचा अर्धा र मिळावा, असे ठरले. दाक्षिणात्य उच्चारासाठी राखलेल्या अक्षराने मराठीची गरज भागवली.

१९९१ सालीच युनिकोड या जागतिक क्रमांकपद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावर बेतलेली होती. युनिकोडमध्ये काही न दिसणारी चिन्हेही होती. ८२०५ क्रमांकाचे चिन्ह, म्हणजे 'झिरो विड्थ जॉइनर', शेजारच्या अक्षराला जोडरूप घ्यायला सांगते. ८२०४ क्रमांकाचे चिन्ह जोड टाळायला सांगते. 'उद्‌घाटन' लिहिताना द चा पायमोड दिसावा असे वाटले तर ते वापरतात. दोन्ही कागदावर उमटत नाहीत. यात नवल नाही. शिशाचे खिळे जुळवताना दोन शब्दांमधली मोकळी जागाही जुळाऱ्याला शिशाच्या तुकड्यानेच भरावी लागे. तो तुकडा उंचीने कमी असल्याने त्याला शाई लागत नसे, इतकेच.

१९९६ सालच्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मराठीचा अर्धा र 'र, पायमोड, ८२०५' असा लिहायचा होता. पुढे इस्कीशी मेळ घालण्यासाठी 'ऱ, पायमोड' ही रीत मुख्य ठरली. जुन्या मजकुरासाठी पहिलीही मान्य राहिली. आमच्या कोड्याचे मूळ येथे आहे. एका रीतीने चऱ्होलीत सात क्रमांक असतात, दुसऱ्या रीतीने आठ. कोणती रीत वापरली जाईल, हे टंकणाऱ्याच्या कळफलकावर अवलंबून असते. कोणती लिखाणे समान मानावीत याचे नियम युनिकोडमध्ये आहेत, पण अर्ध्या र च्या या दोन रीती त्या नियमांत बसत नाहीत.

तिसरी 'चर्होली' अर्ज तयार करणाऱ्याच्या हातून घडली. दुसरीकडून उचलून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हे येतात आणि शोध फसतो, म्हणून पुष्कळ आज्ञावल्या अशी सर्व चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. इंग्रजी नावाचे त्याने काही बिघडत नाही. मराठीत ८२०५ काढले की उरलेल्या र चा रफार होतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे या आडनावांच्या मुलांची नावे अशा वेळी दाखल्यावर एक आणि यादीत दुसरी होतात. नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडला, तर हेलपाटे पालकांना पडतात.

ही अडचण आपल्यापुरतीच नाही. फारसी लिखाणाला ८२०४ लागतो आणि श्रीलंकेच्या सिंहली नावातील 'श्री'ला ८२०५ लागतो. २००३ सालच्या नियमांनुसार संकेतस्थळांच्या नावांतून ही चिन्हे गाळली जात. २०१० साली नियम सुधारले आणि योग्य जागी असतील तर ती चालतील, असे ठरले. चिन्ह कचरा आहे की अक्षराचा भाग, हे त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते, हा धडा तेथे मिळाला.

अर्जाच्या रकान्यालाही हाच धडा लागू पडतो. नावाच्या आगेमागे चिकटलेली चिन्हे खुशाल काढावीत. पण 'र, पायमोड, ८२०५' आणि पुढे व्यंजन असे दिसले, तर चिन्ह काढण्याऐवजी त्या तिघांच्या जागी 'ऱ, पायमोड' ठेवावे. मग तपासणी करावी. एवढ्या एका नियमाने तिन्ही चऱ्होलींची एक चऱ्होली झाली असती आणि कोणालाही नाव पुन्हा टंकावे लागले नसते.

वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात 'चऱ्होली' दोन्ही रीतींनी लिहावी आणि लांबी मोजणारे 'लेन' हे सूत्र लावावे. एकीकडे ७ येतील, दुसरीकडे ८. आठवे अक्षर कोठे आहे, हे मुलांना शोधू द्यावे. आपले नाव संगणकाला कसे दिसते, हे त्यांना त्यातून कळेल. उद्या त्यांच्यापैकीच कोणी असे अर्ज तयार करणार आहेत.