छपरावरचा सूर्य, फळीखालची बॅटरी

वादळानंतरची ती दुपार मला चांगली आठवते. गावात विजेचे खांब आडवे झाले होते. आभाळ निवळून लख्ख ऊन पडलं होतं, पण घरात पंखा बंद, फ्रीज बंद. गच्चीवर तीन किलोवॉटची सोलर पॅनेलं नुसती चमकत होती. पत्नीनं विचारलं, "अहो, ही वर मिरवायला ठेवलीत का?" मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. बसवणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. वीज गेली की ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. आपल्या घरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव जाऊ नये, म्हणून ही सोय. घरात साठवणीची बॅटरी नसेल, तर डोक्यावर सूर्य असून घर अंधारात.

मला थोरल्या भावाचं औषधाचं दुकान आठवलं. २००६-०७ च्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या गावी लोडशेडिंग आठ-आठ, दहा-दहा तास. दुकानातल्या छोट्या फ्रीजमध्ये इन्सुलिन. ते दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. दादा बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचा, थर्मासमध्ये फोडून भरायचा आणि त्यात कुपी ठेवायचा. पण बर्फाला थेट टेकून इन्सुलिन गोठलं, तरी ते वायाच! एकदा तसं झालं. त्यानं गुपचूप सगळा साठा फेकून दिला. घेणाऱ्याला कळलं नसतं, पण दादाला झोप लागली नसती.

सौर विजेचा इतिहास सांगताना आपण बहुधा पॅनेलचा सांगतो. १८३९ मध्ये बेकरेल या फ्रेंच तरुणाला प्रकाशातून वीज निर्माण होताना दिसली, १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं सिलिकॉनचा घट केला, झालं. पण घरगुती विजेच्या संसारात बॅटरी थोरली आहे. १८५९ मध्ये गॅस्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आपल्या इन्व्हर्टरखालची जड पेटी तिचीच वंशज.

या बॅटरीनं एक संसार मांडून मोडलाही आहे. मोटारीच्या सेल्फ-स्टार्टरसाठी प्रसिद्ध असलेले चार्ल्स केटरिंग यांनी १९१६ मध्ये 'डेल्को-लाइट' नावाचा संच बाजारात आणला. एक छोटं इंजिन, त्याला जनित्र, आणि शेजारी काचेच्या बरण्यांतले दोन-दोन व्होल्टचे सोळा घट. बत्तीस व्होल्टवर शेतघरातले दिवे लागायचे, पाण्याचा पंप चालायचा. इंजिन थोडा वेळ फिरवायचं आणि रात्रभर बॅटरीवर राहायचं. पुढे १९३५ मध्ये रूझवेल्ट यांच्या सरकारनं खेड्यांत तारा नेण्याची योजना आणली. तारा आल्या, तशा काचेच्या बरण्या अडगळीत गेल्या.

बेलच्या शास्त्रज्ञांनी आपल्या पॅनेलला नाव दिलं 'सोलर बॅटरी'. खरं तर त्यात साठवण शून्य! उन्हातल्या ऊर्जेचा जेमतेम सहा टक्के भाग विजेत उतरत होता. त्यावर त्यांनी खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला. १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी टेलिफोनची लाइन त्यावर चालवली, तेव्हा रात्रीसाठी साठवणीचे घट जोडावेच लागले. प्रयोग जमला, खर्च परवडला नाही.

आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सनं १९७७ मध्ये देशातला पहिला सौर घट तयार केला. मग सरकारी योजनांतून पाड्यापाड्यांवर सौर दिवे पोहोचले. सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी तसा दिवा पाहिला आहे. कुडावरचं पॅनेल ठणठणीत, खालची पेटी रिकामी. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत थकते. नवी आणायला पैसे कुणाकडे? योजनेच्या कागदावर मात्र ते घर उजळलेलंच राहिलं असणार.

दादानं पुढे दुकानावर दोन पॅनेलं आणि फळीखाली बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी बसवली. हिशेबानं ती पावणेदोन युनिटांच्या थोडी वर. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती आलं एक युनिटही नाही. त्यात फ्रीज आणि एक दिवा. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्या पुतण्याकडे होतं. ॲसिडनं त्याच्या दोन पँटी खाल्ल्या.

चित्र पालटलं ते लिथियममुळे. १९९१ मध्ये सोनीनं ती बॅटरी बाजारात आणली, आणि १९९७ मध्ये टेक्सासच्या जॉन गुडइनफ यांच्या गटानं लोह आणि फॉस्फेट वापरणारा तिचा प्रकार मांडला. हाच प्रकार आता घरांत येतो. गुडइनफ यांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी! या बॅटरीत पाणी घालावं लागत नाही आणि बरीचशी उतरवली तरी ती हजारो वेळा भरता येते. २०१० मध्ये लिथियम बॅटरीची किंमत जगात युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये सरासरी सव्वाशेच्या आत आली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. ते पॅनेलच्या किलोवॉटवर. बॅटरीचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. म्हणून माझ्यासारखे पुष्कळ जण पॅनेलवरच थांबले. बिल कमी झालं, हे कबूल करतो.

त्या वादळाच्या संध्याकाळी मी शेजारच्या आजींचं इन्सुलिन डब्यात घालून दुकानात नेऊन ठेवलं. दादा आता नाही. पुतण्यानं फळीखालची जुनी पेटी काढून भिंतीवर लिथियमची बसवली आहे. फ्रीज उघडून तो म्हणाला, "काका, तुमची पॅनेलं माझ्यापेक्षा मोठी ना?"