कार्यालयीन संगणकांतील पूर्वस्थापित अ‍ॅप

विकत आणलेला नवा संगणक खोक्यातून बाहेर येतो तो रिकामा नसतो. विंडोजसोबत येणारी मायक्रोसॉफ्टची अ‍ॅप, संगणक बनविणाऱ्या कंपनीची साधने आणि पैसे मोजून तेथे जागा मिळविलेल्या अन्य कंपन्यांच्या चाचणी आवृत्त्या असे तीन प्रकार त्यात आधीच नांदत असतात. त्यांनाच पूर्वस्थापित अ‍ॅप म्हणतात. घरच्या संगणकावर ती फारतर अडगळ ठरतात. कार्यालयात मात्र त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार, पगारपत्रके आणि ग्राहकांचे तपशील असतात. त्यामुळे कोणते अ‍ॅप राहावे हा निर्णय कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

या जोखमीचे ठळक उदाहरण फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. लेनोवोच्या काही ग्राहकोपयोगी लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचे जाहिराती दाखविणारे सॉफ्टवेअर आधीच भरलेले होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घालता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसविले होते आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपमध्ये एकच होती. ती हाती आलेल्या कोणालाही बनावट बँक-संकेतस्थळ अस्सल म्हणून खपविणे शक्य होते. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की प्रोग्राम काढून टाकला तरी प्रमाणपत्र मागे राहत असे. ते वेगळे शोधून पुसावे लागे. कार्यालयांसाठी विकल्या जाणाऱ्या थिंकपॅड मालिकेत हे सॉफ्टवेअर नव्हते. पण लहान कार्यालये बहुधा दुकानात मिळेल तो घरगुती लॅपटॉपच उचलतात. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी लेनोवोने तडजोड केली. राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले.

अ‍ॅप काढले आणि ते परत आले, ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. तिचे कारण विंडोजच्या रचनेत आहे. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम एकदा काढले की सहसा संपूर्ण संगणकावरून जातात. स्टोअर-पद्धतीचे अ‍ॅप ‘सेटिंग्ज’मधून काढले तर ते त्या एका वापरकर्त्याच्या खात्यातून जाते, मूळ प्रत प्रणालीत तशीच राहते आणि नव्या खात्याने प्रवेश केला की त्याच्यासाठी पुन्हा मांडली जाते. म्हणून व्यवस्थापकाला दोन कामे करावी लागतात: अस्तित्वातील खात्यांतून अ‍ॅप काढणे आणि प्रणालीतील ती मूळ प्रतही हटविणे. पॉवरशेलमध्ये या दोहोंसाठी निरनिराळ्या आज्ञा आहेत. दुसरी विसरली गेली, की कर्मचारी बदलताच सारे खेळ त्याच खुर्चीसमोर हजर होतात.

मोठ्या कंपन्या इंट्यूनसारख्या साधनाने हे दुरूनच करतात. विंडोज ११ च्या २५एच२ आवृत्तीत तर नको ती मायक्रोसॉफ्ट-अ‍ॅप यादीतून निवडून काढण्याचे अधिकृत धोरणच आले आहे. मात्र ते एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांपुरते आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी संपादकसुद्धा नाही. बुऱ्हाणपूरहून असीरगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील निंबोल्यासारख्या गावी दोन-तीन संगणकांवर कारभार चालविणाऱ्याला या सोयींचा काय उपयोग? त्याने निदान खरेदीच्या वेळी प्रो आवृत्ती मागावी आणि संगणक कर्मचाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टच्या मूळ प्रतीवरून विंडोज नव्याने बसवून घ्यावे. परवान्याची किल्ली हल्ली बहुधा संगणकाच्या फर्मवेअरमध्येच असल्याने नवा परवाना सहसा घ्यावा लागत नाही. उत्पादकाची आणि तिसऱ्या कंपन्यांची भरताड यातून जवळजवळ संपूर्ण जाते. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅप तेवढी उरतात.

काढण्याच्या उत्साहालाही मर्यादा हवी. मायक्रोसॉफ्ट स्टोअर हटविले तर उरलेल्या अ‍ॅपची अद्ययावतता अडते आणि ते हटविण्यास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाही नाही. उत्पादकाचे बायोस व ड्रायव्हर अद्ययावत करणारे साधनही डोळे मिटून काढू नये. ‘विंडोज हलके करा’ म्हणून इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या स्क्रिप्ट तर न वाचता चालविणे म्हणजे अनोळखी माणसाला तिजोरी आवरायला सांगणे होय.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट मूळ संचात नसून ‘देवनागरी पूरक फाँट’ या ऐच्छिक घटकात असतात. मूळ संचात निर्मला असतो. ऐच्छिक घटक सरसकट काढणाऱ्याच्या हातून हाही जातो. अक्षरे दिसत राहतात, कारण त्यांची जागा दुसरा फाँट घेतो. पण जुन्या पत्रांच्या ओळी सरकतात, तक्ते पानाबाहेर जातात. निंबोल्यात सरकारदरबारी हिंदी आणि रावेर-जळगावकडील व्यवहारात मराठी, अशा दोन्ही भाषांची कागदपत्रे एकाच संगणकावर तयार होत असतील, तर हा फटका दोन्हींना बसतो. यासाठी प्रथम एकाच संगणकावर सफाई करून आठवडाभर नेहमीचे काम त्यावर चालवावे, छपाई करून पाहावी, काय काढले त्याची नोंद ठेवावी आणि मगच उरलेल्या संगणकांना हात लावावा. फाँट गेलाच असेल, तर ‘सेटिंग्ज’मधील ऐच्छिक घटकांच्या यादीतून तो पुन्हा बसविता येतो, इंटरनेट मात्र लागते.